मागच्या सीटवरून

पोराच्या हाती गाडी कशी गेली, याची गोष्ट सगळ्या घरांत एकसारखी सांगतात. "काय करायचं मॅडम, ऐकतच नव्हता. जेवायचा नाही, बोलायचा नाही. शेवटी ह्यांनी दिली किल्ली." मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, त्यामुळे पालकसभेत ही गोष्ट वर्षानुवर्षे ऐकत आले आहे. सांगणाऱ्या आईच्या स्वरात तक्रार असते आणि त्या तक्रारीला कौतुकाची बारीकशी किनारही असते. पोरगं सोळा-सतरा वर्षांचं, बाहेर कट्ट्यावर उभं, बोटात किल्ली फिरवत.

मी मग घराचं वेळापत्रक विचारते. घर जुळे सोलापुरात. सकाळचा क्लास शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिथून कॉलेज, संध्याकाळी पुन्हा क्लास, रात्री अभ्यासिका. वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पाळीला. आईला सासूची औषधं, धाकटीची शाळा, स्वतःची नोकरी. महापालिकेच्या बसवर विसंबून दिवस आखणारं घर माझ्या माहितीत नाही आणि महिन्याची रिक्षा परवडत नाही. असं सगळं सांगून झालं की हट्टाची गोष्ट जरा सैल पडते. पोराने गाडी मागितली हे खरंच असतं, पण ती त्याला मिळते ती घरातल्या तिघाचौघांची सोय झाली म्हणून. किल्ली हाती आल्यावर आठवड्याभरात तोच दूध आणतो, तोच आजीला दवाखान्यात नेतो, तोच बहिणीला शाळेत सोडतो. हट्ट एकट्याचा असता तर मोडता आला असता. सगळ्या घराची सोय मोडवत नाही.

मला या पालकांचा राग येत नाही, कारण हे शहरच तसं वाढलं आहे. आमच्या लहानपणी सोलापूर सायकलींचं गाव होतं. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी यांच्या भोंग्यांवर शहराची घड्याळं लावली जायची आणि पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जायचा. आम्ही पोरं दुकानातून तासावर सायकल आणायचो. सीटवर बसून पाय पुरायचे नाहीत म्हणून दांडीखालून पाय घालून, अर्धं पायडल मारत गल्ली पालथी घालायची. पडायचो, गुडघे फुटायचे, त्यावर हळद बसायची. त्या पडण्याचा वेग पायाने पळण्याइतकाच असायचा, म्हणून ते पडणं परवडायचं. समोरचा कुठे वळणार, कुत्रं कुठून धावणार, उतारावर किती आधी ब्रेक लावायचा, हे सगळं इंजिन हाती येण्याच्या कित्येक वर्षं आधी अंगात मुरलेलं असायचं.

मग लुना यायची. कायनेटिकने १९७२ साली आणलेली ही पन्नास सीसीची गाडी म्हणजे सायकल आणि स्कूटर यांच्यामधली पायरी. पेट्रोल संपलं तर पायडल मारून घरी आणता यायची. १९८८ चा मोटार वाहन कायदा त्या काळातला आहे, हे त्याच्या चौथ्या कलमात दिसतं. सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालवायला वय अठरा हवं, मात्र ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी सोळाव्या वर्षापासून चालवता येईल, असं ते कलम म्हणतं, आणि विनागियर दुचाकीचा शिकाऊ परवाना अठराच्या आतल्या मुलाला हवा असेल तर पालकांची लेखी संमती लागते. आज बाजारात जाऊन अशी गाडी मागून बघा. घरोघरी असते ती विनागियर स्कूटर शंभर-सव्वाशे सीसीची आहे. सोळाव्या वर्षाची पायरी कायद्यात शिल्लक आहे, शोरूममध्ये नाही. सायकलही बहुतेक घरांत आठवी-नववीतच जिन्याखाली जाते. म्हणजे पोरगं पायी चालता चालता एकदम ताशी साठच्या वेगावर चढतं. वेग तिप्पट झाला की धडकेतली ऊर्जा नऊपट होते, हे त्याला भौतिकशास्त्राच्या पेपरात येतं. रस्त्यावर ते सूत्र कुणाला आठवतं?

सोय किती महाग पडू शकते, हे २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यातच लिहून ठेवलं. कलम १९९-अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत शिकाऊ परवानाही नाही. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पुरेशी खबरदारी घेतली होती, हे सिद्ध करायची जबाबदारी पालकावरच येते. विनापरवाना चालकाच्या अपघातात विमा कंपनीने भरपाई दिली तरी ती गाडीमालकाकडून वसूल होऊ शकते. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शेने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, तेव्हा बाल न्याय मंडळाने जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितलं आणि सगळा महाराष्ट्र संतापला. आमच्या स्टाफरूममध्येही दोन दिवस दुसरा विषय नव्हता. पण ते "बड्या बापाचं पोर" म्हणून आपण सगळे चटकन पलीकडच्या काठावर जाऊन उभे राहिलो. त्याच आठवड्यात कॉलेजच्या पार्किंगमध्ये अकरावीच्या मुलांच्या एमएच-१३ पाटीच्या गाड्या नेहमीसारख्या ओळीने लागल्या होत्या. गाडीची किंमत वेगळी होती. किल्ली देणारा हात मात्र तसाच होता, घरातला.

आमच्या घरी मुलगा अठरा पूर्ण होईपर्यंत सायकलवर राहिला. यात फार मोठा त्याग कुणी केला असं नाही, भांडणं मात्र पुष्कळ झाली. "काय ओ वहिनी, एवढा बाप्या झाला आणि अजून सायकलवर?" असं शेजारीपाजारी विचारायचे. मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या पुढे गेला की तो घामाने निथळत घरी यायचा आणि माझ्याकडे बघायचासुद्धा नाही. आम्ही त्याला एवढंच कबूल केलं होतं की अठराव्या वाढदिवसानंतर गाडी शिकवू आणि नीट शिकवू. ते "नीट" म्हणजे काय, हे आम्हालाही तेव्हा पुरतं ठाऊक नव्हतं.

शिकाऊ परवाना आता घरबसल्या निघतो, संगणकावर प्रश्नांची उत्तरं देऊन. तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते आणि मैदानात पाय न टेकता आठचा आकडा काढून दाखवला की काम होतं. आठचा आकडा काढायला पोरं दोन दुपारी शिकतात. सोलापूरच्या रस्त्यांवर तसा आकडा कुठेच नाही. इथे सात रस्ता आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत मात्र एक गोष्ट सापडली, जिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. शिकाऊ परवानाधारकाला सोबत परवाना असलेला शिकवणारा लागतो आणि दुचाकीवर शिकाऊ चालकाने शिकवणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाला बसवायचं नाही. म्हणजे पुढेमागे लाल रंगातला 'एल' लावलेल्या स्कूटरच्या मागच्या सीटवर बसायचा हक्क जगात एकालाच आहे. शिकवणारा अशा जागी बसावा की त्याला वाहन ताब्यात घेता येईल किंवा थांबवता येईल, असंही तो नियम म्हणतो. हे लिहिणारे कधी स्कूटरच्या मागे बसले नसावेत. मागे बसणाऱ्याला ब्रेक नसतो. त्याच्याकडे असतो तो फक्त आवाज, आणि तो नको तेव्हा वापरला तर ब्रेकपेक्षा घातक.

तर मी मागे बसायला लागले. साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसायचं नाही, पंजाबी ड्रेस आणि दोन्ही बाजूंना पाय, हे आधी ठरलं. दुसरं हेल्मेट माझ्यासाठी आलं. "मागच्याला कशाला?" असं दुकानदारानेच विचारलं. २०२२ साली देशात हेल्मेट नसताना दुचाकी अपघातात ५०,०२९ माणसं मेली आणि त्यातली १४,३३७ मागे बसलेली होती, असं केंद्र सरकारच्याच अहवालात आहे. हे आकडे मी काही काउंटरवर सांगत बसले नाही, आयएसआयचा शिक्का तेवढा बघून घेतला.

सुरुवात जुळे सोलापूरच्या कडेला, जिथे प्लॉट पाडलेत पण घरं उठली नाहीत, तिथल्या रस्त्यांवर झाली. गाडी चालवणं त्याला आधीच येत होतं, मित्रांच्या गाड्यांवर हात साफ झालेला असणारच. शिकवायचं होतं ते थांबणं. विसावरून थांब. चाळीसवरून थांब. रेतीवर थांब. २०१९ पासूनच्या लहान गाड्यांत एक ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांना लागतो, पण रेतीवर हँडल वाकडं असेल तर तो काही वाचवत नाही. ताशी पंचेचाळीसला गाडी सेकंदाला साडेबारा मीटर जाते. डोळ्यांना दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच एखाद्या वाड्याची लांबी मागे पडलेली असते. आम्ही ते अंतर पावलांनी मोजलं. मग त्याच्या चेहऱ्यावर जे दिसलं, ते माझ्या कुठल्याच भाषणाने आजवर दिसलं नव्हतं.

मग रस्ते वाढत गेले. रविवारी सकाळी विजापूर रोड, पुढे सात रस्ता, मग संध्याकाळचा मधला मारुती. बाजारात गाडी चालवण्यापेक्षा न चालवणं जास्त असतं. पुढचा रिक्षावाला हात न दाखवता थांबणार, हे धरूनच अंतर ठेवायचं. कडेला मोटार उभी असेल तर तिचं दार उघडणारच असं समजायचं. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरली की होम मैदानाच्या आसपास गर्दी मावत नाही. तिथे आम्ही उतरलो आणि गाडी ढकलत नेली. तो वैतागला. मी म्हटलं, हेही चालवण्यातच येतं.

सोलापूर मोठ्या रस्त्यांच्या तिठ्यावर वसलं आहे. पुण्याहून हैदराबादकडे जाणारा, तुळजापूरकडून येऊन विजयपूरला जाणारा आणि रत्नागिरीहून सांगली-मंगळवेढ्यामार्गे येणारा, असे राष्ट्रीय महामार्ग इथे भेटतात. त्यामुळे दुचाकीवरच्या पोराला ट्रकची भाषा यावी लागते. ट्रकच्या आरशात तुला ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर त्यालाही तू दिसत नाहीस. तो डावीकडे वळताना त्याची मागची चाकं पुढच्यांपेक्षा आत येतात, त्या फटीत शिरायचं नाही. आणि गाळपाचा हंगाम सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टर. दोन-दोन ट्रॉल्या, ऊस चहूबाजूंनी बाहेर आलेला, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाने माखलेला. अंधारात तो दिसतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून रात्रीचा धडा मी वेगळा ठेवला, दिवसाचे सगळे झाल्यावर. समोरून दिव्यांचा झोत आला की त्या दिव्यांकडे बघायचं नाही, डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर नजर ठेवायची आणि वेग इतकाच ठेवायचा की आपल्या दिव्याच्या उजेडात आपण थांबू शकू. हे एक वाक्य त्याला पाठ झालं, आणि मला वाटतं, बाकी सगळं विसरला तरी चालेल.

मागे बसल्यावर माझ्या ध्यानात आलं की सूचना दोनच वेळा उपयोगी पडतात, निघण्याआधी आणि थांबल्यावर. मधल्या वेळी ओरडलं की तो रस्ता सोडून माझ्याकडे बघतो. ह्यांची पद्धत निराळी, ते गाडी हलल्यापासून समालोचन सुरू करायचे, आणि बापलेक कोपऱ्यापर्यंत जाऊन भांडत परत यायचे. शेवटी घरात ठरलं की चालत्या गाडीवर तीनच शब्द चालतील: हळू, थांब, डावीकडे. बाकीचं चहाच्या टपरीवर. टपरीवर मी विचारायची, "मघाशी त्या शाळेसमोर तू वेग का कमी केलास?" कधी कारण सांगायचा, कधी म्हणायचा, "असंच." चुका काढण्यापेक्षा हे विचारणं त्याला आवडायचं. आपण काय बघितलं हे शब्दांत सांगता आलं की पुढच्या वेळी ते लवकर दिसतं, हा मला शिक्षकी पेशातला जुना अनुभव. तो इथे कामाला आला.

पक्का परवाना हाती आल्यावर कायदा पालकाला मोकळं करतो. कालपर्यंत 'एल' लावलेला मुलगा आज मध्यरात्री मित्राला मागे घेऊन हैदराबाद रोडला गेला तरी चालतं. न्यूझीलंडने १९८७ साली यावर वेगळा मार्ग काढला: आधी शिकाऊ, मग मर्यादित आणि शेवटी पूर्ण परवाना. मधल्या टप्प्यात रात्री दहा ते पहाटे पाच एकट्याने चालवायचं नाही आणि जाणत्या चालकाशिवाय कुणाला बसवायचं नाही. पुढे अमेरिकेतल्या आणि इतर देशांतल्या अनेक राज्यांनी हा मार्ग धरला. सोबत समवयस्क बसले की पोरवयातल्या चालकाचा जीवघेण्या अपघाताचा धोका वाढतो, आणि जितके जास्त बसतील तितका जास्त वाढतो, हे अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसून आलं आहे. ज्याने कॉलेजच्या गेटसमोर ट्रिपल सीट निघालेली पोरं पाहिली आहेत, त्याला हे अभ्यासाशिवायही कळतं. एकटा असताना सिग्नलला थांबणारा मुलगा मागे दोघं "अबे काढ की" म्हणत असले की थांबत नाही.

आपल्याकडे हा मधला टप्पा सरकारने ठेवलेला नाही, म्हणून तो घरानेच ठेवायचा. आम्ही तो ठेवला. पहिले काही महिने एकट्याने फक्त दिवसा आणि ओळखीच्या रस्त्यावर. मग रात्र. मग पावसाळ्यातला पहिला पाऊस, ज्यात रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिसळून साबणासारखं होतं. मित्र सगळ्यात शेवटी. प्रत्येक नवा टप्पा आधी मला मागे बसवून. त्याने हे आनंदाने मान्य केलं असं म्हणणार नाही. पण पुढची तारीख ठरलेली असली की पोरं वाट बघतात. "बघू मोठा झाल्यावर" याला मात्र ती जुमानत नाहीत.

या सगळ्यात आमच्याही वागण्याला वळण लागलं. गाडीवर असलेल्या मुलाला फोन कोण करतं, याचा जरा विचार करा. मित्र आता मेसेज टाकतात. मान वाकडी करून खांद्यात धरलेला फोन बहुतेक वेळा घरचाच असतो: "कुठे आहेस? येताना कोथिंबीर आण." तो निघाल्यावर आम्ही फोन करायचा नाही आणि पोहोचल्यावर त्याने करायचा, हा नियम पाळायला मुलापेक्षा मला जड गेला. दुसरा नियम "लवकर ये" न म्हणण्याचा. उशीर झाला तर उशीर झाला. पोलिसांनी अडवलं तर ओळखीच्या माणसाला फोन जाणार नाही, दंड भरायचा आणि पावती घरी आणायची. एका फोनवर पोरगं सुटलं की रस्त्यावरच्या सगळ्या नियमांचा भाव त्याला कळतो, आणि तो भाव तो जन्मभर विसरत नाही.

खरं तर हे शिक्षण फार आधी सुरू झालेलं असतं. दोन-तीन वर्षांचं पोर आपण स्कूटरवर पुढे उभं करतो, आरशाची दांडी धरून. तिथून ते सगळं बघत असतं: लाल दिवा, बाबांनी तो पाहून न पाहणं, उलट्या दिशेने घेतलेला शॉर्टकट, आरशाला अडकवलेलं हेल्मेट आणि पोलीस दिसताच ते डोक्यावर चढणं. आता नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांनाही हेल्मेट आणि चालकाला बांधणारा पट्टा लागतो आणि वेग चाळीसच्या आत, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. पंधरा वर्षं पुढे उभं राहून किंवा मागे बसून पाहिलेलं एका महिन्याच्या ड्रायव्हिंग स्कूलने पुसलं जात नाही.

परवा खालच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या होत्या. त्यांचा मुलगा दहावीतून अकरावीत गेला आहे आणि क्लास लांबचा आहे. "तुमच्याकडे ते मागे बसायचं वगैरे चालतं म्हणे," त्या म्हणाल्या, "पण इतका वेळ कुठनं काढायचा ओ? त्याला गाडी दिली की निदान माझा सकाळचा तास वाचतो." मी म्हटलं, वहिनी, तो तास वाचत नाही. तुम्ही तो उसना घेताय. त्या जरा हसल्या. मग म्हणाल्या, "बरं, ह्या रविवारी मी बसू का मागे? कुठनं सुरुवात करायची?"

तो अजून सोळाचाही नाही. मी म्हटलं, आधी जिन्याखालची सायकल बाहेर काढा आणि तिच्या दोन्ही चाकांत हवा भरून आणा.